अंगठ्याएवढा गंज

बाथरूमच्या दाराची कडी रविवारी सकाळी सातव्यांदा निखळली आणि गृहस्थ आत अडकले.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकतेय. तुटली ना?" बाहेरून बायको म्हणाली.

"तुटली नाही. स्क्रूपाशी झिजून सुटली."

"मग ठीक आहे. झिजून सुटलेल्या कडीने दार उघडत असेल."

दार उघडत नव्हतं. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून एक स्क्रूड्रायव्हर सरकत आत आला. तो इतक्या तत्परतेने आला, की ही बाई तो उशाखाली घेऊन झोपते की काय, अशी गृहस्थांना शंका आली.

"आणि तक्त्यात लिहून ठेव," ते कडीच्या उरलेल्या अर्ध्याशी झटापट करत ओरडले. "स्टेनलेस स्टील. अकरा महिने, चार दिवस."

तक्ता हत्यारांच्या कपाटाला आतून चिकटवलेला होता. पहिली कडी लोखंडी, चार महिने. दुसरी रंग दिलेली लोखंडी, पाच महिने. मग जस्ताच्या मुलाम्याची, मग पितळी, मग ॲल्युमिनियमची, मग निकेलच्या मुलाम्याची. पितळेने दोन वर्षं तग धरला आणि हिरवं होऊन प्राण सोडला. ॲल्युमिनियमवर पांढरे फोड आले. निकेलचे पोपडे निघाले. प्रत्येक कडीपुढे मृत्यूचं कारणही लिहिलेलं होतं, कारण गृहस्थ धातूंतले जाणकार होते आणि कडी उगाच मरत नाही, तिला कुठलं तरी आम्ल खातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या कडीच्या वेळी त्यांनी बायकोचा लिंबाचा साबण बंद केला. दुसऱ्या वेळी फरशी पुसायचं व्हिनेगर घराबाहेर काढलं. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष दाराच्या नव्या चौकटीकडे गेलं. ताज्या लाकडातून व्हिनेगरचीच वाफ हळूहळू बाहेर पडते, असं सांगून त्यांनी धडधाकट चौकट उपटली आणि जुनी बसवली. चौथ्या कडीचा आळ मुंग्यांवर आला. मुंगीच्या अंगात जहाल आम्ल असतं आणि ती कडीवरून जाते-येते, एवढा पुरावा त्यांना पुरला. पाचव्या वेळी खिडकीत बसणारी कबुतरं गेली, सहाव्या वेळी पावसाचं पाणी येतं म्हणून खिडकीच गेली. आता बाथरूममध्ये दिवसाही दिवा लावावा लागे. आणि सातवी कडी गेली तेव्हा अशी अडचण झाली, की जगातली आम्लंच संपली होती.

दार उघडून ते बाहेर आले, तेव्हा बायको शांतपणे उभी होती.

"अहो, एक विचारू? या कडीला रोज हात कोण लावतं?"

"सगळेच लावतात."

"घरात आपण दोघंच आहोत."

"तेच म्हणतोय मी. सगळेच."

"मी नाही हो लावत. मी दार नुसतं लोटून घेते. तुमच्या कड्यांवर माझा भरवसा नाही."

"अगं, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे," गृहस्थ म्हणाले, आणि विषय मिटला. म्हणजे त्यांच्या बाजूने मिटला.

हे गृहस्थ एका कारखान्यात मोजमाप खोलीचे प्रमुख होते. दिसायला साधारण माझ्यासारखे, म्हणजे चारचौघांत हरवले तर कुणी शोधायला जाऊ नये असे. स्वभावही माझ्यासारखाच. चूक झाली की ती कुणाची, हे त्यांना ताबडतोब कळे, आणि ती स्वतःची कधीच नसे. कारखान्यात पंपांचे पोलादी दांडे तयार होत. दांडा जरा जाड झाला तर पंपात शिरत नाही आणि जरा बारीक झाला तर पंप गळतो, म्हणून त्याचं माप मायक्रॉनमध्ये घेत. डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे सत्तर पदर केले, तर एक पदर साधारण मायक्रॉनभर भरेल. गृहस्थांच्या डोक्यावर असा प्रयोग करण्याइतके केस उरले नव्हते, पण कारखाना त्यांना पाठीमागे 'मायक्रॉन' म्हणत असे. पुढ्यात 'सर'.

मोजमाप खोलीत एक मखमली अस्तराची पेटी होती. तिच्यात आरशासारखे चकचकीत सत्तेचाळीस पोलादी ठोकळे. सगळ्या कारखान्याची मापं या ठोकळ्यांवरून लावायची. पन्नास मिलिमीटरचा ठोकळा म्हणेल ते पन्नास. बाकी जगाने पन्नासबद्दल काहीही समज करून घेतला असला तरी चालेल. ही पेटी आधीच्या प्रमुखांनी त्यांच्या हाती दिली तेव्हा तिच्यात एक डाग नव्हता. सव्वीस वर्षांनी, येत्या महिनाअखेरीस निवृत्त होताना, ती तशीच पुढच्या हाती द्यायची, एवढी एकच महत्त्वाकांक्षा आता शिल्लक होती.

पुढचा हात कुणाचा, तेही ठरलेलं होतं. अठरा वर्षांपासूनची त्यांची सहायक. कामात चोख, बोलण्यात मोजकी, पण तिला एक खोड होती. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम एक तेलाचं फडकं असे आणि ती दिवसभर काही ना काही पुसत असे. ड्रॉवरच्या मुठी, मापयंत्राच्या डायलचा दांडा, टेबलाचा पोलादी पृष्ठभाग, कपाटाची किल्ली. खोलीत तिला 'तेलवाली' म्हणत, आणि हे नाव खुद्द गृहस्थांनीच ठेवलेलं.

"अगं, किती पुसशील? या खोलीत धूळ येतच नाही," ते म्हणत.

"सवय आहे सर," ती म्हणे, आणि पुसत राही.

दरवर्षी ती एक अर्जही देई. पोलादाऐवजी सिरॅमिकचे ठोकळे घ्यावेत, ते गंजत नाहीत. दरवर्षी गृहस्थ त्यावर लाल शाईने लिहीत, 'हातमोजे पुरेसे आहेत.' हातमोज्यांचा नियम त्यांचाच होता. दारावर सूचनाही त्यांच्याच हस्ताक्षरात लावलेली: 'माणसाच्या घामात मीठ असते आणि दूध आंबवणारे आम्लही असते. दोन्ही मिळून पोलाद खातात. उघड्या हाताने ठोकळ्याला स्पर्श करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी कारखान्यात नवीन आलेले मोठे साहेब खोली बघायला आले होते. तेलवाली दाढ काढायला गेली होती, त्यामुळे सगळी खोली दाखवायचं भाग्य एकट्या गृहस्थांकडे आलं. खोलीचं तापमान बाराही महिने वीस अंश. माणसं स्वेटर घालून काम करतात. तरी साहेब जवळ उभे राहिले म्हणून गृहस्थांना कपाळापासून तळहातापर्यंत दरदरून घाम फुटला.

"आणि याला हात लावला तर काय होतं?" साहेबांनी पन्नासच्या ठोकळ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तीच तर गंमत आहे साहेब!" गृहस्थांचा आवाज चढला. त्यांनी उजवा हातमोजा काढला. "नवखी माणसं काय करतात, तर असा—" आणि त्यांनी आपला ओला अंगठा ठोकळ्यावर छान टेकवला, "—असा उघडा अंगठा लावतात. असं कधी, म्हणजे कधीच करायचं नाही!"

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात चहाची घंटा झाली. गृहस्थांनी ठोकळा पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, साहेबांना पुढे घातलं आणि खोली कशी डागरहित आहे यावर बोलत चहाला गेले.

सोमवारी त्यांनी पेटी उघडली. पन्नासच्या ठोकळ्यावर, अगदी मधोमध, तांबूस-तपकिरी रंगाचा एक अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा स्पष्ट. पासपोर्टच्या कचेरीत सुद्धा इतका सुबक अंगठा कुणी देत नसेल.

 त्यांच्या तोंडून आवाज फुटला तो इतका, की शेजारच्या शेडमधून, यंत्रावर दांडे कातणारा लेथवाला धावत आला.

"काय झालं सर? शॉक बसला?"

"तुम्ही आधी लांब उभे राहा!" गृहस्थ गरजले. "हात दाखवा! हे बघा. तेल, माती, घाम. असल्या हातांनी तुम्ही रोज या खोलीत येता!"

"अहो, मी दारातून दांडा आत देतो. गेल्या वीस वर्षांत तुम्ही मला उंबरा ओलांडू दिला नाही."

"मग हा अंगठा काय चालत आला?"

तेलवालीने ठोकळ्यावर वाकून पाहिलं. तिचा एक गाल अजून सुजलेला होता. तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे पाहिलं, मग परत अंगठ्याकडे.

"सर, जाऊ दे ना," ती हळूच म्हणाली. "शुक्रवारी मी नव्हते, म्हणून झालं असेल."

"तू नव्हतीस म्हणून? तू काय गंजाला धरून ठेवतेस?"

तिने गालावर हात ठेवला आणि ड्रॉवरच्या मुठी पुसायला घेतल्या.

"चौकशी होणार," गृहस्थांनी जाहीर केलं. "शास्त्रीय चौकशी!"

खोलीशी संबंध येणारी माणसं सहा. त्यांनी त्याच पोलादाच्या सहा घासलेल्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीवर नंबर टाकला आणि एकेकाचा अंगठा घेतला. एक नंबर तेलवाली. दोन आणि तीन खोलीतले दोघं मोजणीवाले. चार झाडूवाल्या मावशी. त्यांनी अंगठा देण्याआधी ॲप्रनला पुसला म्हणून तो परत घेण्यात आला. पाच लेथवाला. त्याच्या अंगठ्यावर गृहस्थांनी स्वतःच्या हाताने दाब दिला, कमी पडायला नको म्हणून. आणि नियम सगळ्यांना सारखा, हे दाखवायला सहाव्या पट्टीवर त्यांनी स्वतःचा अंगठा लावला.

"ज्याच्या घामात आम्ल जास्त, त्याची पट्टी बोलेल," ते म्हणाले आणि सहाही पट्ट्या काचेच्या झाकणाखाली ठेवून कुलूप लावलं. "बुधवारी सकाळी."

त्या दोन दिवसांत गृहस्थ फार खुशीत होते. घरी त्यांनी बायकोला सगळी योजना सांगितली.

"सहा पट्ट्या?" बायकोने विचारलं. "सहावी तुमची?"

"नावापुरती."

"मग बुधवारी जरा लवकर जा," बायको म्हणाली. "सगळ्यांच्या आधी बघा."

बायको आपल्या कामात एवढा रस घेते, हे पाहून त्यांना भरून आलं.

बुधवारी ते सगळ्यांच्या आधी गेले. झाकण उचललं. एक नंबर स्वच्छ. दोन, तीन स्वच्छ. चार स्वच्छ. पाच नंबरची पट्टी त्यांनी उजेडात धरली, तिरपी केली, भिंगातून पाहिली. लेथवाल्याचा अंगठा लेथवाल्यासारखाच निघाला, बिनबोभाट. आणि सहाव्या पट्टीवर तांबूस-तपकिरी रंगात, रेषा न् रेषा स्पष्ट, तोच अंगठा बसला होता.

त्यांनी यादी पाहिली. सहा म्हणजे कोण? यादी त्यांच्याच अक्षरात होती. यादी उलटी धरून पाहिली. सहाचा नऊ झाला, पण नऊ माणसं नव्हती. आणि मग शुक्रवार आठवला. साहेब, ठोकळा, आणि 'असं कधीच करायचं नाही.' ते स्टुलावर बसले. बसता बसता टेबलाची पोलादी कड धरली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

मग एकेक आठवायला लागलं. लहानपणी माउथऑर्गन घेतला होता, त्यातून तिसऱ्या आठवड्यात सूर जायला लागले. सायकलच्या घंटीचं झाकण एकदा भर रस्त्यात पडलं. चष्म्याच्या काड्या कानामागे हिरव्या व्हायच्या. घड्याळजी म्हणाला होता, 'या घड्याळाची पाठ उंदराने खाल्ली काय?' आणि त्यांनी त्यालाच उंदीर आणि धातू यांतला फरक समजावून सांगितला होता. सात कड्या. एक लिंबाचा साबण, एक चौकट, एक खिडकी, असंख्य मुंग्या. सगळे निर्दोष!

अशा वेळी सभ्य माणसाने सरळ उभं राहून कबूल करायचं असतं. गृहस्थ सभ्य होते, पण माझ्याइतकेच. त्यांनी सहावी पट्टी खिशात घातली, नवी कोरी पट्टी काढून तिच्यावर सहा आकडा टाकला आणि झाकणाखाली ठेवली. नऊ वाजता सगळ्यांना सांगितलं, "सहाही पट्ट्या साफ. प्रकरण गूढ आहे."

"सहावीसुद्धा?" तेलवालीने विचारलं.

"सहावीसुद्धा."

तिने नुसतं "बरं" म्हटलं. त्या 'बरं'चं माप घ्यायला कुठलंच यंत्र नव्हतं.

आता ठोकळा साफ करणं आलं. गंज काढायला आंबट काहीतरी लागतं, हे त्यांना माहीत होतं. दुपारी कँटीनमध्ये त्यांनी चहात पिळायला म्हणून लिंबाची फोड मागितली. दुधाच्या चहात. कँटीनवाला पाहत राहिला. फोड रुमालात बांधून ते खोलीत आले, दार लावलं आणि ठोकळ्यावरच्या अंगठ्यावर लिंबू चोळलं. गंज निघाला की! लोण्यासारखा निघाला. पण लिंबाला थांबायचं कुठे ते कळेना. गंज संपल्यावर त्याने पोलादाला हात घातला आणि तपकिरी अंगठ्याच्या जागी करडा अंगठा तयार झाला. रस ओघळला तिथे एक करडी वाटही पडली. ती घालवायला त्यांनी पॉलिशची पेस्ट घेतली, दाबून घासली, परत घासली. साडेचार वाजता ठोकळा पुन्हा आरशासारखा लखलखत होता. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी तो पाहण्याचं टाळलं.

ठोकळा चकचकीत झाला खरा, पण तो आता पन्नास राहिला नव्हता. पन्नासाला पाच मायक्रॉन कमी. आणि हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण पन्नास म्हणजे किती, हे रोज ज्या ठोकळ्याला विचारायचं, तो हाच.

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्या मापयंत्रांच्या डायली या ठोकळ्यावरून लावल्या गेल्या. दहा वाजता लेथवाला दारात आला.

"सर, कालपर्यंतचे दांडे पास होते. आज सगळेच जाड निघतायत."

"मग बारीक करा."

"बारीक केले तर पंपात खुळखुळतायत. तिकडून माणूस आला होता भांडायला. मोजलं तर जाड, बसवलं तर सैल. असं कुठे असतं?"

"लेथ तपासा," गृहस्थ म्हणाले. जिभेला तीच सवय होती.

लेथवाल्याने लेथ तपासला. दुपारी अर्धा उघडला. शुक्रवारी पूर्ण उघडला. पंपांची जुळणी थांबली, माणसं हातावर हात ठेवून बसली. मोठे साहेब शेडमध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक तर हा लेथ भंगारात जाईल, नाही तर तो चालवणारा घरी जाईल. चारपर्यंत काय ते सांगा."

साडेतीन वाजता गृहस्थ शेडमध्ये गेले. लेथवाला जमिनीवर बसला होता. त्याच्याभोवती वर्तमानपत्रांवर लेथचे सुटे भाग ओळीने मांडलेले, आणि तो एकेक उचलून उजेडात बघत होता. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती.

"काही सापडलं?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही सर. पण काहीतरी माझंच चुकतंय." त्याने हातातला भाग हलकेच खाली ठेवला. "तुमच्या मापावर मी वीस वर्षं डोळे झाकून काम केलंय. ते तर चुकणार नाही."

गृहस्थांची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. सोमवारी याच माणसाचा अंगठा त्यांनी पट्टीवर दाबून धरला होता.

चार वाजता मोजमाप खोलीत साहेब आले, लेथवाला उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वीस वर्षांची सवय. तेलवाली कोपऱ्यात काहीतरी पुसत होती.

"आत या," गृहस्थ लेथवाल्याला म्हणाले.

"नको सर, हात तेलकट आहेत."

"म्हणूनच या. तेलकट हात बरे असतात. लेथ चांगला आहे साहेब. चालवणाराही चांगला आहे. ठोकळा खोटा आहे." त्यांनी खिशातून सहावी पट्टी काढून टेबलावर ठेवली. "आणि त्याला खोटा करणारा मी आहे. आधी घामाने खाल्ला, मग लिंबाने खाल्ला, उरलेला मी घासून खाल्ला. माझ्या सूचनेप्रमाणे माझी गय केली जाऊ नये."

 लेथवाला आत आला, पट्टीवर वाकला, आणि म्हणाला, "अंगठा मात्र झकास उमटलाय सर."

"पण यात कबूल करण्यासारखं काय आहे?" साहेबांना काही उमगेना. "तुम्ही गेल्या शुक्रवारी माझ्यासमोरच तर अंगठा लावलात. मला वाटलं, हा प्रयोग आहे. मी निकालाची वाट बघतोय आठवडाभर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"खोलीचे प्रमुख एवढ्या आत्मविश्वासाने अंगठा लावतात म्हटल्यावर, त्यामागे काही शास्त्र असेलच ना!"

गृहस्थ तेलवालीकडे वळले. "तुला कळलं होतं? सोमवारी?"

"सोमवारी?" तिने फडक्याची घडी घातली. "सर, मला नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं. तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तुमची दोन बोटं उमटलेली. तेव्हापासून तुम्ही हात लावलात की मी पुसते. हातमोज्यातूनही पाझरतो तुमचा घाम."

"अठरा वर्षं?"

"रजा धरून. मी रजा घेते ती तुमच्या रजेच्याच दिवशी. गेल्या शुक्रवारी दाढेने ऐकलं नाही."

"मग एकदा तरी तोंडावर सांगायचंस!"

"दरवर्षी लेखी सांगितलं. अठरा अर्ज. लाल शाईत उत्तरं आहेत माझ्याकडे."

साहेबांनी एक अर्ज मागून घेतला, वाचला, आणि सिरॅमिकचे ठोकळे मागवायच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली. म्हणाले, "माणूस बदलण्यापेक्षा वस्तू बदलणं सोपं." मग तेलवालीने अडीअडचणीसाठी तिजोरीत ठेवलेली ठोकळ्यांची दुसरी पेटी काढली, डायली नव्याने लावल्या, आणि लेथवाला आपला लेथ पुन्हा जोडायला गेला. जाता जाता त्याने गृहस्थांशी हात मिळवला. गृहस्थ हात मागे घेत होते, पण त्याने तो ओढून घेतला. "मला काय होतंय सर," तो म्हणाला. "मी काही पोलादाचा नाही."

आठ दिवसांनी निरोपाचा कार्यक्रम झाला. खोलीतच, वीस अंशांत. बायकोलाही बोलावलं होतं. गृहस्थांनी पेटी पुढे केली आणि म्हणाले, "सत्तेचाळीस मिळाले होते, सेहेचाळीस देतोय. जो खाल्ला, तो मी खाल्ला." टाळ्या कमी आणि हसणं जास्त झालं. त्या रिकाम्या खाचेत सिरॅमिकचा पांढराशुभ्र पन्नास बसवला होता. बाकीचे यायचे होते.

"सर, लावा हात," तेलवाली म्हणाली. "उघडाच. याला काही होत नाही."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, चोरून नाही, प्रात्यक्षिक म्हणून नाही, गृहस्थांनी ठोकळ्यावर अंगठा ठेवला. गार, गुळगुळीत. डोळे भरून आले. त्यांनी अंगठा उचलला, आणि तेलवालीने खिशातून फडकं काढून ठोकळा झटकन पुसला. मग स्वतःच चपापली.

"हे आता मला नको," ती ओशाळून हसली, आणि ते फडकं तिने गृहस्थांच्या बायकोपुढे धरलं. "वहिनी, तुम्ही घ्या. घरी लागेल."

बायकोने आपली पर्स उघडली. आत तसंच एक फडकं होतं. तेलाच्या वासाचं, घडी घातलेलं, जुनं.

"शिवणयंत्र, कात्री, कुलपं, तुमचा चष्मा," ती नवऱ्याला म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. तुम्हाला सांगून पाहिलं, तर तुम्ही मुंग्यांच्या मागे लागलात."

गृहस्थांनी आधी एका फडक्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग त्यांच्यातला जाणकार एकदम जागा झाला.

"थांब. सगळं पुसत होतीस, तर मग बाथरूमची कडी का नाही पुसलीस?"

"रविवारी तुम्हाला काहीतरी काम नको का?" बायको म्हणाली, आणि पर्स मिटली.